लाल लांब, पांढरा आखूड

कापडाच्या कारखान्यातून आलेला लॅपटॉप उघडायचा तर आधी नाकाला फडकं बांधायचं, हे मी ठसका लागून लागून शिकले आहे. पंख्याच्या पात्यांना दोऱ्यांची लव चिकटलेली असते, जाळीवर तंतूंची गादी बसलेली असते, आणि झाकण उचललं की सगळा कारखाना एका श्वासात नाकात येतो. म्हणून त्या सकाळी पॅटर्नवाल्या बाईंनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला तेव्हा मी पहिल्यांदा फडकं शोधलं.

‘पॅटर्नवाली’ हे नाव त्यांनीच सांगितलं. सदरे, झगे, लहान मुलांचे कोट यांचे तुकडे कसे कापायचे ते त्या लॅपटॉपवर आखतात, आणि कापायचं मशीन त्यांच्या हुकमानं चालतं.

“आठ वर्षांचा झाला गं हा. पण ते मशीन दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही, ह्याचंच ऐकतं. नवा आणला तर मशीन रुसून बसतं. आणि हा सुरू व्हायचा म्हणजे! मी बटण दाबते, चहा ठेवते, पिते, कप धुते, पुसते, तरी ह्याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच. उठतो उठतो म्हणायचं आणि कूस बदलायची.”

“उठवू त्याला,” मी म्हटलं. “जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालते, रॅम चारची बारा करते, बॅटरी नवी. तुमचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून देते.”

“जसंच्या तसं हं! एकोणीसशे पॅटर्न आहेत त्यात. एका कोटाची बाही दुसऱ्याला लागली तर लोक माझी बाही धरतील.”

“आणि एवढ्यासाठी तुम्ही तीन तास बसनं आलात? तुमच्याकडे कुणी दुरुस्तीवाला नाही?”

“आहे की! तेच तर सांगते.” बाईंनी पिशवी खाली ठेवली, म्हणजे गोष्ट लांबणार होती. “चांगला उंच आहे. दुकानाचं दार बुटकं, त्यातून वाकून ये-जा करतो. बोलण्यात कंजूष. गेल्या आठवड्यात त्याच्याकडेच दिला होता. एक दिवस ठेवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, साफ केलाय, पण वाढवायचं काम मी करणार नाही, ते ह्या पत्त्यावर न्या. मी म्हटलं, अरे बाबा, तुझे हात काय भाड्यानं गेलेत? तर म्हणतो, तिथे माझ्यापेक्षा नीट होईल. पैसेही घेतले नाहीत. आणि त्याची मुलगी, एवढीशी, सहा वर्षांची, टेबलाखाली बसून सांडलेले स्क्रू वेचत गाणं म्हणत होती. सगळं घरच जगावेगळं.”

मी हसले. बाहेरगावचे दुरुस्तीवाले कधीमधी अवघड काम आमच्याकडे पाठवतात. बाबांच्या हाताचं नाव मोठं होतं, हात थकला तरी नाव फिरत राहिलं. त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

“साडेचारला येते,” बाई म्हणाल्या. “बटणं आणि चेन घ्यायच्यात बाजारातून. सहाची बस आहे माझी. चुकवू नकोस हं.”

त्या गेल्या. मी दिव्याची मान खाली ओढली, लॅपटॉप उलटा केला आणि कागद घेतला.

हा कागद म्हणजे आमच्या दुकानाचा पहिला नियम. मशीनच्या पाठीचा आकार कागदावर पेन्सिलीनं काढायचा, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच, कागदावरच्या त्या जागी, चिकटपट्टीनं डकवायचा. शेजारी लिहायचं, लांब की आखूड. कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसला, तर तो खालच्या मदरबोर्डात घुसतो आणि मशीन जागच्या जागी मरतं. बाबा म्हणायचे, “उपाशी राहिलात तरी चालेल, कागदाशिवाय राहू नका.”

पहिला स्क्रू सोडवला आणि थबकले. त्याच्या भोकाशेजारी एक लाल ठिपका होता. मोहरीएवढा. पुढच्या भोकाशेजारी पांढरा. मी स्क्रू शेजारी शेजारी उभे करून बघितले. लाल ठिपक्याचा लांब, पांढऱ्या ठिपक्याचा आखूड. बाराच्या बारा तसेच. कुणी शहाण्यानं मशीनच्या अंगावरच कागद लिहून ठेवला होता.

‘वा रे हुशार,’ मी मनात म्हटलं आणि झाकण उचललं.

ठसका आला नाही. आत एक तंतू नव्हता. पंख्याच्या पात्यांवर दिवा चमकत होता, जाळी आरपार दिसत होती, उष्णता ओढणाऱ्या ताज्या थर्मल पेस्टची पांढरी कड तांब्याच्या पट्टीखालून डोकावत होती. एवढी निगा कुणी फुकटात करत नाही. मी फडकं नाकावरून खाली ओढलं आणि झाकण सरळ करून ठेवायला गेले. तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला, डाव्या कोपऱ्यात, मला पाखरू दिसलं.

दोन रेघांचं पाखरू. चोच उघडी. खाली बारीक अक्षरात गेल्या मंगळवारची तारीख.

हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचा असतो हे माझ्या हाताला आठवेना.

दुसरा नियम आमच्या घरचा असा, की जो मशीन उघडेल त्यानं आत आपली खूण काढायची. नाव नाही लिहायचं, नाव मिरवण्यासाठी असतं, खूण जबाबदारीसाठी. बाबांची खूण गोलात टिंब. आईची आडवी रेघ. ती गेल्यावर तशी रेघ पुन्हा कुणी काढली नाही. माझी थेंब. आणि दादाचं पाखरू, उघड्या चोचीचं, कारण आई म्हणायची, ह्या मेल्याला सदाची भूक.

दादा अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. पहिल्या वर्षी मावशीकडे एकदा त्याचा फोन आला, “जिवंत आहे, शोधू नका.” पुढे तेही नाही. शोधूनही काही लागलं नाही, आणि मग आम्ही त्याच्याबद्दल बोलणं असं सोडलं, जसं दुखऱ्या दातानं चावणं सोडतात. आणि तो माणूस गेल्या मंगळवारी ह्या झाकणावर मान वाकवून बसला होता. त्याच्या बोटांची उष्णता गेली त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता.

मी झाकणाला हात लावला. गार होतं. तरी हात उचलवेना.

आता खरं सांगायची वेळ आहे, आणि ते मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. दादा गेला तो माझ्यामुळे.

आम्ही लहान असताना आईनं आम्हाला स्क्रूंचं गाणं शिकवलं होतं. दादा ताडासारखा वाढत होता आणि मी टिचकीएवढी, म्हणून माझं नावच टिचकी पडलेलं. आई काउंटर पुसता पुसता म्हणायची,

लांबडा गं भाऊ, उभा चारी कोपऱ्याला
ठेंगणी बहीण, बसे मधल्या घराला

त्या वेळी दुकानात येणाऱ्या बहुतेक मशीनांना हे गाणं लागू पडायचं. लांब स्क्रू कोपऱ्यात, आखूड मधे. मी सतरा वर्षांची आणि दादा एकवीसचा असताना एक मशीन आलं. दादा स्क्रू काढून माझ्याकडे देत होता, मी कागदावर मांडत होते. माझं कोपर लागलं. कागद उलटला, चिकटपट्टी अजून लावायची होती, आणि सगळे स्क्रू टेबलभर पळाले. दादा तेव्हा आत भाग आणायला गेला होता. मी घाबरले. सांगायला हवं होतं, “दादा, सांडले.” दोन शब्द. त्याऐवजी मी ते वेचले आणि गाणं म्हणत मांडले. लांब कोपऱ्याला, आखूड मधे. माझ्या अक्षरात लिहिलंही तसंच.

त्या मशीनमध्ये नेमकं उलटं होतं.

दादानं माझ्या कागदावर विश्वास ठेवला. बटण दाबलं तसा चट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला. गिऱ्हाईक समोर उभं. बाबा धावत आले, मशीन उघडलं, कोपऱ्यातला स्क्रू बोर्डात शिरलेला पाहिला.

“कागद कुठाय?” बाबांनी विचारलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. दादानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग म्हणाला, “कागद केलाच नव्हता. वाटलं, लक्षात राहील.”

आमच्या दुकानात याहून मोठा गुन्हा नाही. बाबांनी त्याची कॉलर धरली आणि गिऱ्हाइकादेखत त्याच्या तोंडात मारली. तो आवाज त्या चट् आवाजापेक्षा मोठा होता. दादा त्याच संध्याकाळी गेला. मी तीन दिवस तो कागद शोधला, केराच्या डब्यात हात घालघालून शोधला. सापडला असता तर जाळला असता. नाही सापडला, म्हणून अकरा वर्षं माझ्या मनात तो कुठेतरी पडून राहिला, कुणाच्याही हाती लागेल असा.

बाहेर कुणी सायकलची घंटा वाजवली तशी मी भानावर आले. घड्याळात साडेअकरा. काम पुढे न्यायला हवं होतं. बॅटरीची तार काढली. रॅमच्या खाचेतली जुनी पट्टी तशीच ठेवून शेजारी नवी दाबली, टक् करून बसली. मग हार्ड डिस्कचे चार स्क्रू सोडवले आणि डिस्क तिच्या कप्प्यातून उचलली.

कप्प्याच्या तळाशी पारदर्शक पिशवीत घडी घातलेला एक कागद होता.

मला ती घडी उलगडावी लागलीच नाही. बाहेरून अक्षर दिसत होतं. माझंच, सतराव्या वर्षाचं, ‘ल’ला उगाच गाठ मारणारं. कोपऱ्याला ‘लांब’. कोपऱ्याला ‘लांब’. मधे ‘आखूड’. एका कडेला जुन्या चिकटपट्टीचा पिवळा डाग.

मी खुर्चीवर बसले होते तरी मला बसावंसं वाटलं. कागद होता. दादानं तो टेबलावरून उचलून खिशात टाकला असणार. बाबा विचारत होते, कागद कुठाय, आणि तो त्याच्या छातीपाशी होता. त्यानं नुसता खिशात हात घातला असता तर ती चपराक वळून माझ्या गालावर आली असती. त्यानं हात घातला नाही. मला वाटत होतं, कुणालाच माहीत नाही. त्याला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. अकरा वर्षं मी लपले होते ती उघड्या मैदानात, आणि तो मला लपू देत होता.

मग त्यानं आता हा का पाठवला? हिशेब चुकता करायला? बाबांच्या हाती लागावा म्हणून? लागावाच ना. त्याचा हक्कच होता.

दोन्ही डिस्क मी उतरवणीच्या स्टँडवर उभ्या केल्या. पडद्यावर प्रश्न आला: कुठून, कुठे. इथे उलटं बोट पडलं तर कोरी डिस्क भरल्या डिस्कवर उतरते आणि एकोणीसशे पॅटर्न पुसले जातात. एकदा उलटं मांडलेलं माझ्यासमोर टेबलावर पडलं होतंच. मी बोट मागे घेतलं. डिस्कवरचे आकडे वाचले. मोठ्यानं म्हटलं, “जुनीतून, नव्यात.” पुन्हा आकडे वाचले, पुन्हा म्हटलं. मग बटण दाबलं. दोन तास वीस मिनिटं, पडद्यानं सांगितलं. हिरवी पट्टी गवतासारखी सावकाश सरकायला लागली.

तेवढा वेळ माझ्याकडे होता. कागद जाळायलाही पुरला असता. काडेपेटी खणात होती. मी खण उघडला, हे लपवत नाही. मग बंद केला.

दोन वाजता बाबा मागच्या खोलीतून आले. जेवून पडतात थोडा वेळ, मग काउंटरच्या कडेला त्यांच्या उंच स्टुलावर येऊन बसतात; तेही माझ्यासारखेच ठेंगणे. दोन वर्षं झाली, त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे. मशीन उघडत नाहीत, पण बघतात, आणि बोलतात.

“काय गं टिचकी, चेहरा असा का? दूध सांडल्यासारखा?”

“बाबा,” मी म्हटलं, “भिंग घ्या.”

आधी झाकण दिलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. हात हलत होता म्हणून पाखरूही त्यांच्या भिंगात हललं असणार. मग त्यांनी तारखेवर बोट ठेवलं.

“ह्या मंगळवारची?”

“गेल्या.”

“जिवंत आहे,” बाबा म्हणाले. मला नाही, पाखराला. “अजून चोच उघडीच काढतोय बघ.”

त्या क्षणी थांबता आलं असतं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की थांबावंसं वाटलं. मी कागद त्यांच्यासमोर पसरला.

“हे काय?”

“त्या दिवशीचा कागद. अक्षर बघा.”

त्यांनी बघितलं. भिंगातून, मग भिंगाशिवाय, मग पुन्हा भिंगातून.

“कागद होता,” ते म्हणाले.

“हो.”

“तो म्हणाला, केला नव्हता.”

“माझ्या हातून सांडले होते, बाबा. मी आईच्या गाण्यावर मांडले. त्याला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही.”

मला वाटलं, आता हात उठेल. उठावा असंही वाटलं. माझा गाल अकरा वर्षं वाट बघत होता. हात उठलाही. बाबांनी तो स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला, उजवा, कापणारा, आणि अनोळखी वस्तूकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत राहिले.

“मी कॉलर धरली तेव्हा त्याच्या खिशात काहीतरी कुरकुरलं होतं,” ते म्हणाले. “कागद कुरकुरतो तसं. ऐकलं होतं मी.”

पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत होती. शेवटी पट्टी भरली, टिंग वाजलं, आणि आम्ही दोघंही दचकलो.

मी नवी डिस्क कप्प्यात बसवली, नवी बॅटरी जोडली. झाकण लावण्याआधी मार्कर घेतला आणि पाखराखाली थेंब काढला, आजची तारीख घातली. बाबांनी हात पुढे केला. मी मार्कर दिला. त्यांनी गोल काढायला घेतला. तो बटाट्यासारखा झाला. मधलं टिंब गोलाच्या बाहेर पडलं.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “तसंच आहे ते.”

मग मी एकेक स्क्रू बसवला. लाल लांब, पांढरा आखूड. बाबा ठिपके वाचत गेले, मी फिरवत गेले. पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघांनी मिळून एक झाकण लावलं.

पॅटर्नवाल्या बाई सव्वाचारलाच आल्या, दोन हातांत चार पिशव्या घेऊन. मी बटण दाबलं. त्या पिशव्या ठेवायला वाकल्या, सरळ झाल्या, आणि किंचाळल्या.

“अगंबाई! बिघडला!”

“नाही हो. सुरू झाला.”

“इतक्यात? मी तर अजून...” त्या खुर्चीत बसल्या. एक पॅटर्न उघडला, दुसरा उघडला, कोटाच्या बाह्या मोजल्या. “आता मी चहा कधी प्यायचा?”

कुणी हसलं नाही तसं त्यांनी आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं. “काय झालंय? तुम्ही दोघं भूत बघितल्यासारखे का बसलात?”

“बाई,” बाबांनी विचारलं, “ज्यानं तुम्हाला इथे पाठवलं, त्याचा नंबर आहे तुमच्याकडे?”

“आहे की. झालं की कळवा म्हणाला होता. तीनदा म्हणाला. एरवी तीन शब्द बोलायचा नाही.” त्यांनी फोन काढला, नंबर लावला आणि सवयीनं स्पीकर लावून फोन काउंटरवर ठेवला. “हॅलो! मी पॅटर्नवाली. झाला हो तुमचा पेशंट बरा. पापणी लवायच्या आत उठतो.”

“बरं,” पलीकडून आवाज आला.

बाबांनी काउंटरची कड धरली. आवाज जाड झाला होता, पण ‘बरं’ तेच होतं, ‘र’वर जरा रेंगाळणारं.

“उघडला कुणी?” आवाजानं विचारलं.

“मुलीनं. पण ती पांढरीफटक पडली आहे. तुमच्या मशीननं करंट बिरंट दिला की काय?”

मी फोनवर वाकले. “दादा.”

पलीकडे एक खुर्ची सरकली.

“टिचकी?” तो म्हणाला. आणि मग घाईनं, कुणी ऐकेल या भीतीनं दबक्या आवाजात, “मिळाला ना कागद? जाळून टाक.”

मला कळेना. “काय?”

“अगं, जाळून टाक. तू केराच्या डब्यात शोधत होतीस. मावशी म्हणाली होती फोनवर, पोरगी तीन दिवस केर उपसतेय, काय हरवलंय कोण जाणे. मला कळलं. टपालानं पाठवला असता तर बाबांनी पाकीट फोडलं असतं. मग कळलं, बाबांचे हात आता चालत नाहीत, मशीन तूच उघडतेस. पार्ट विकणारा येतो ना इकडे, तो म्हणाला. म्हटलं, डिस्कच्या खाली ठेवला तर तुझ्याच हाती पडेल.”

त्यानं तो कागद मला पकडायला पाठवला नव्हता. सोडवायला पाठवला होता. मी दिवसभर बसून चुकीचं वाचलं होतं.

“पण आत्ताच का रे?”

“मागच्या महिन्यात पोरीच्या हातून स्क्रूंची ताटली सांडली. तिनं गुपचूप परत मांडले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तोंड तुझंच गं, अगदी तुझं. मी तिला उचलून घेतलं. आणि मग वाटलं, टिचकीला त्या दिवशी कुणी घेतलं नाही.”

पॅटर्नवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. चारही पिशव्या हळूच बाजूला सारल्या.

“दादा,” मी म्हटलं, “मी कागद बाबांना दाखवला.”

“काय?” आता तो दबका आवाज राहिला नाही. “काय केलंस? वेडी आहेस का तू! अगं अकरा वर्षं मी तो...”

“मी इथेच आहे,” बाबा म्हणाले.

बाबा स्टुलावरून उतरले, फोनवर वाकले. मला वाटलं, क्षमा मागतील. पण आमच्या बाबांना ती वाट माहीत नाही. ते कामावरूनच माणसापाशी येतात.

“लाल लांब, पांढरा आखूड,” ते म्हणाले. “ही रीत कुणाची?”

“माझी, बाबा.”

“चांगली आहे. कागद सांडला तरी ठिपका सांडत नाही.” ते थांबले. “तुझ्या खिशात कागद वाजला होता. मी ऐकला होता. ऐकूनही हात थांबवला नाही.”

पलीकडे पत्र्याची ताटली पडल्याचा खणखणाट झाला, आणि बारीक बारीक लोखंड फरशीवर पळत सुटलं. मग एक कोवळा आवाज, टेबलाखालून यावा तसा, गाणं म्हणत जवळ आला:

लांबडा गं भाऊ, कधी कोपऱ्याला, कधी मधे
गाण्याचं नको ऐकू, आधी घर त्याचं शोध गडे

आईचं गाणं होतं, पण दादानं त्याला वळण दिलं होतं. मी काउंटरवर कपाळ टेकलं.

“बाबा, तुम्हीच सांडलेत!” मुलगी म्हणाली. “आता हा कुठला, सांगा. लांब की आखूड?”

दादाच्या आधी उत्तर इकडून गेलं.

“दुसऱ्याशेजारी उभा करून बघ, पोरी,” माझे बाबा फोनमध्ये म्हणाले. “आणि घाई करू नकोस.”

“कोण बोललं?”

“ज्यानं एकदा घाई केली होती, तो.”

तिकडे कुजबुज झाली. मग दादा फोनजवळ आला. आवाज ओला होता, आणि तरी त्यात तो जुना खट्याळपणा कुठूनसा वर आला.

“बाबा, इथलं दार बुटकं आहे. पण तुम्हाला वाकावं लागणार नाही.”

बाबा हसले की काय झालं ते मला नक्की सांगता येणार नाही. त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी पूर्वी ऐकलेला नव्हता. ते वळले आणि स्टुलाखाली चपला शोधायला लागले. त्या त्यांच्या पायातच होत्या.

पॅटर्नवाल्या बाईंनी डोळे पुसले, लॅपटॉप पिशवीत घातला, वर बटणांचा पुडा ठेवला.

“आत्ता निघालो,” त्या म्हणाल्या, “तर सहाच्या बसची तीन तिकिटं मिळतील.”